गाणाऱ्याचं ताट

समोर भरलेलं ताट आलं की माझा हात थांबत नाही. हा माझा दोष आहे आणि लग्न ठरतानाच मी तो सासरी सांगून टाकला होता. पंगतीत श्लोक सुरू होतो, लोक हात जोडून बसतात, तेव्हा माझ्या तोंडात लोणच्याची फोड असते. नवरा म्हणतो, "लोकांना वाटत असंल, मी तुला घरी उपाशी ठेवतो." वाटू दे. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत माझा डबा निम्मा झालेला असतो, हे माझ्या चौथीच्या वर्गाला चांगलं ठाऊक आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात या हाताचा संबंध येतो.

आम्ही तिघी मैत्रिणी. नांदेडला डी.एड. करताना वसतिगृहात एका खोलीत होतो. आमच्या मजल्यावर एकाच नावाच्या चार मुली निघाल्या, म्हणून रेक्टरबाईंनी सगळ्यांनाच गावाच्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. ती नावं अशी चिकटली की आज पन्नाशीला टेकलो तरी सुटली नाहीत. एक उमरी, एक धर्माबाद आणि मी चाकूर. धर्माबादच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्येसुद्धा माझं नाव 'चाकूर' असंच आहे, आणि सुरुवातीला तो बिचारा मला चाकूरच्या बाजारातला कुणी मिरचीचा व्यापारी समजत होता.

वर्षातला एक रविवार आमचा असतो. एक वर्ष नांदेड, एक वर्ष लातूर. नवरे नाहीत, लेकरं नाहीत, सुना-जावई तर नाहीतच. बाहेर चांगलं जेवायचं आणि समोर माणसं काहीतरी करत असतील ते बघायचं: नाटक, ऑर्केस्ट्रा, जे असेल ते. सिनेमा चालत नाही, हा धर्माबादचा नियम. "पडद्यावरच्या माणसाला टाळ्या वाजवून त्याला काय कळतं गं?" असं तिचं म्हणणं. एकदा जादूच्या प्रयोगाला गेलो तर जादूगारानं तिचंच घड्याळ मागितलं. ही स्टेजवर जाऊन म्हणाली, "आधी लिहून द्या, परत मिळंल म्हणून." सगळं सभागृह हसलं, जादूगारसुद्धा हसला आणि त्यानं पुढच्या रांगेतल्या दुसऱ्या कुणाचं तरी घड्याळ घेतलं. पुण्या-मुंबईकडच्यांनी हसायचं तर हसावं, पण आमच्यासाठी नांदेड हेच मोठं शहर. बसमधून उतरून गर्दीत पाय टाकला की मला आजही वसतिगृहातून पळून आल्यासारखं वाटतं.

सगळी ठरवाठरव धर्माबाद करते. तिनं मास्तरकी लवकरच सोडली आणि नवऱ्याच्या आडतीत बसायला लागली. मिरचीच्या पोत्यांमध्ये उभं राहून मोठ्यानं बोलायची तिला इतकी सवय झाली आहे की ती कानात काही सांगायला आली तरी शेजारचे तीन जण वळून बघतात. तिच्या बोलण्यात मधूनच तेलुगू येतं. रागावली की जास्तच.

आणि उमरी गाते.

गाते म्हणजे हौस म्हणून नाही. तिच्या शाळेत पाढे गाण्यात, बाराखडी गाण्यात, सहलीच्या सूचनासुद्धा गाण्यात. केंद्रप्रमुख तपासणीला आले तर आधी बाहेर ओट्यावर बसून ऐकतात, मग आत येतात. एप्रिल महिन्यात जयंतीला तिला तीन-तीन गावांतून बोलावणं असतं. हे तिच्या वडिलांकडून आलं. त्यांची गायनपार्टी होती: एक हार्मोनियम, एक ढोलकी, झांजा आणि ते स्वतः. दिवसा रोजानं कामाला जायचे आणि उरलेल्या वेळात गाणी जुळवायचे. जयंतीची गाणी, लेकरांना शाळेत घाला म्हणणारी गाणी. त्यातलं एक गाणं मला सगळ्यात जास्त आवडतं. त्यात एक आई दिवसभर कापूस वेचते, लेकीसाठी पाटी घेऊन येते आणि लेकीला म्हणते, यावर आधी माझं नाव काढ, मला बघू दे ते कसं दिसतं. एवढंच गाणं आहे. पण उमरी ते म्हणायला लागली की मी पदर डोळ्यांना लावते, आणि मी काही लगेच रडणारी बाई नाही.

वसतिगृहात आम्ही जेवताना तिला म्हणायचो, गा की गं. ती म्हणायची, "आधी ताटं धुऊन या." आम्ही म्हणायचो, काय बाई नखरे! शेवटी एका सुट्टीत मी तिच्या घरी राहायला गेले तेव्हा वडिलांनीच मला त्यामागचं कारण सांगितलं. तरुणपणी एका मोठ्या लग्नात त्यांच्या पार्टीला बोलावलं होतं. मांडवात पंगती बसत होत्या आणि हे मांडवाबाहेर उन्हात गात होते. चार पंगती जेवून उठल्या. यांची पाळी आली तेव्हा भांडी घासायला गेलेली. रिकाम्या पोटी घरी चालत येताना त्यांनी दोन नियम केले. जेवणाऱ्यांसमोर गायचं नाही, हा एक. आणि आपल्या दारी कुणी गायला आला तर पहिलं ताट त्याचं. तो गात असेल तोवर आपल्यातल्या कुणी घास उचलायचा नाही, हा दुसरा. सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते माझ्या ताटात वरण वाढत होते.

ज्या गावात ते लग्न झालं तिथं आमचे पाव्हणे आहेत. त्या चार पंगतींत आमच्यातलं कुणी बसलं असेल का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. उमरीनंही मला विचारलं नाही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण नियम तिनं पाळले. जयंतीच्या दिवशी तिच्या अंगणात गाणाऱ्यांची ताटं आधी वाढतात, आणि मी, जिचा हात कधी थांबत नाही, तीही तिथं ओठ चावत बसते.

गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या आठ-दहा दिवस आधी तिचा फोन आला. तिच्या गळ्यात गाठ होती. लातूरच्या डॉक्टरांनी काढून टाकायची म्हणून सांगितलं होतं, तारीख रविवारनंतरच्या बुधवारची.

"भ्यायचं काम न्हाई म्हणले," ती म्हणाली. "वाईट गाठ न्हाई. फक्त आवाजाची नस जवळून जाते म्हणे. आवाज बदलू शकतो. राहील की न्हाई, ते आत्ताच सांगता येत न्हाई."

मी म्हणाले, "मग रविवार राहू दे. नंतर भेटू."

"कामून? रविवार होणार. पण एक ऐक, अन् त्या धर्माबादलाबी सांग. मला गा म्हणायचं न्हाई. गा म्हणलात तर मी उठून जाईन. मयताच्या आधी फोटो काढून ठेवल्यावानी मला गायला लावू नका."

मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर मी अर्धा तास भांडी आपटत होते. मला तिचा राग आला होता. तीस वर्षं मी तिचं गाणं ऐकत होते, आणि त्यातलं एकही मी नीट साठवून ठेवलेलं नव्हतं. आता शेवटचं एकदा ऐकायचं म्हटलं तर ही बाई दार लावून बसली होती. दुसऱ्याच्या गळ्यावर आपला काय हक्क, हे मला कळत होतं. तरीही राग आला होता.

धर्माबादनं त्यावर तोड काढली. गात नाही तर नाही, पण तिला चांगलं गाणं ऐकवायचं. नांदेडमध्ये एक नवं हॉटेल झालं होतं. तिथं रविवारी दुपारी बारा ते चार जेवणाबरोबर गाणी असतात असं तिला कळलं होतं. "गाणं बी होईल, जेवण बी होईल," असं ती मला फोनवर म्हणाली. मी म्हणाले, वा. आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की आपण कुणाला कुठं घेऊन चाललो आहोत. इतकी वर्षं जिच्या अंगणात ओठ चावत बसलो, तिला आम्ही नेमकं जेवणाऱ्यांसमोर गाणं चालतं तिथं नेत होतो. मैत्रिणी असाव्यात तर अशा!

त्या दोघी एकाच गाडीनं आल्या. धर्माबाद तिकडून बसून आली आणि उमरी तिच्या स्टेशनावर चढली. मी चाकूरहून बसनं. उमरीनं गळ्याभोवती पदर घेतला होता, बाकी ती नेहमीसारखीच होती. हॉटेल थंडगार, खुर्च्या गुबगुबीत. एका कोपऱ्यात हातभर उंचीचं स्टेज, त्यावर माइक आणि चाळिशीचा एक माणूस. पाठीमागचं संगीत मोबाइलमधून वाजत होतं, तो त्यावर गात होता. जुनी गाणी. आवाज चांगला होता. शेजारच्या टेबलावर वाढदिवस चालला होता, पलीकडं कुणी पापड फोडत होतं. स्टेजकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

ताटं आली. येसराची आमटी, भरलं वांगं, ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. मी अर्धी भाकरी संपवली आणि मग माझ्या लक्षात आलं की समोर काहीतरी चुकतं आहे. उमरीनं खुर्ची स्टेजकडं वळवली होती. हात मांडीवर. ताट जसंच्या तसं.

माझा घास तोंडातच फिरायला लागला. मी धर्माबादकडं पाहिलं. तिच्या हातात वांगं होतं आणि तिलाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण ती म्हणाली, "अय्यो." आणि तिचं 'अय्यो' म्हणजे शेजारच्या वाढदिवसवाल्यांनीही ऐकलं.

गाणं संपलं. उमरीनं टाळ्या वाजवल्या, एकटीनं. मग वळून पटापट दोन घास खाल्ले. पुढचं गाणं सुरू झालं, ती पुन्हा वळली. आम्ही दोघींनीही हात आवरले. आता चित्र असं होतं की तीन बायका, पुढं वाफा निघणारी तीन ताटं, आणि तिघी परीक्षेला बसल्यासारख्या ताठ. वेटर दोनदा येऊन गेला. "ताई, भाजी आवडली न्हाई का? बदलून आणू का?" धर्माबाद म्हणाली, "भाजी चांगली हाय रे बाबा, गाणं बी चांगलं हाय. तीच तर अडचण हाय." तो गोंधळून निघून गेला. येसराच्या आमटीवर साय धरायला लागली. मी ते बघत होते आणि माझ्या मनात जे येत होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तीन गाण्यांनंतर त्या माणसानं पाणी प्यायला माइक खाली ठेवला. उमरी उठली. मला वाटलं, झालं, निघाली. पण ती स्टेजजवळ गेली, आम्हीही मागोमाग.

"दादा, जेवलात का?" तिनं विचारलं.

तो थोडा दचकला. "चार वाजता सुटलो की मागं मिळतंय, ताई."

"अन् सकाळपासून?"

"चहा झालाय. पोटभर खाऊन गाता येत न्हाई, तुम्हाला काय सांगू."

"मला सांगूच नका," उमरी म्हणाली. "या, बसा आमच्यासंगं. चार घास खा अन् मग गा."

त्यानं काउंटरकडं पाहिलं. "इथला नियम हाय, ताई. कलाकारानं गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसायचं न्हाई."

तोवर मॅनेजर आलाच. सभ्य माणूस होता, तक्रार असेल या भीतीनं हात चोळत आला. धर्माबादनं त्याला बोलूच दिलं नाही. आमच्या टेबलावर आम्ही कुणाला जेवू घालायचं ते आम्ही ठरवणार, पाव्हणा आमचा आहे, तुम्ही फक्त एक ताट वाढवा. मॅनेजर म्हणाला, "बसू द्या मॅडम, माझी ना न्हाई. पण बाहेर बोर्ड लावलाय, बारा ते चार गाणं. स्टेज रिकामं राहिलं तर मालक मला बोलतात. यांनाबी बोलतात."

तो गाणारा लगेच म्हणाला, "राहू द्या ताई. तुम्ही विचारलंत तेवढ्यात पोट भरलं माझं."

हे वाक्य त्यानं म्हणायला नको होतं. उमरीचा चेहरा मला दिसत होता. तिच्या वडिलांच्या चार पंगती तिथं उभ्या होत्या, आणि त्या फक्त आम्हा तिघींनाच दिसत होत्या.

"स्टेज रिकामं राहणार न्हाई," ती मॅनेजरला म्हणाली. "हे जेवतील तोवर मी गाते."

धर्माबादनं माझा दंड इतका जोरात धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. एक शब्द बोललो तर बाई उतरून येईल म्हणून आम्ही दोघी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. उमरीनं त्या माणसाला आमच्या टेबलावर आणून बसवलं, स्वतःच्या हातानं त्याच्या ताटात भाकरी ठेवली आणि बजावलं, "मी गात असले तरी तुम्ही थांबायचं न्हाई. आज मी गाऊन राहिले ते तुम्ही जेवावं म्हणूनच. समजलं का?" त्यानं मान हलवली. मग ती स्टेजवर चढली, मोबाइलमधलं संगीत बंद केलं आणि पदर सारखा करून गायला लागली.

ते पाटीचंच गाणं.

सगळं हॉटेल स्तब्ध झालं, असं लिहिता आलं असतं. पण खोटं कशाला बोलू? वाढदिवसवाले केक कापत होते. आत भांड्यांचा आवाज चालू होता. दोन-चार टेबलांवरची माणसं मात्र वळली, एक म्हातारे गृहस्थ तर खुर्ची उचलून पुढं येऊन बसले. धर्माबादनं पर्समधून मोबाइल बाहेर काढला, माझ्याकडं पाहिलं. मला उमरीचं ते मयताच्या फोटोचं बोलणं आठवलं. मी मान हलवून नको म्हणाले. तिनं मोबाइल परत आत ठेवला.

तो माणूस जेवत होता. त्याला ते अवघड जात होतं, एखाद्या गाणाऱ्याला जाईलच. घास घेऊन तो थांबायचा, मग स्टेजवरून उमरी गातागाताच हातानं 'खा' अशी खूण करायची, मग तो तो घास गिळायचा. त्याचे डोळे ओले झाले होते. ठेचा तिखट होता हे खरं, पण तेवढा नव्हता. आम्ही दोघींनी ताटाला हात लावला नाही. ती वरच्या सुरात गेली, जिथं आई लेकीला म्हणते माझं नाव काढ, आणि तिचा आवाज तिथं जरासुद्धा हलला नाही. मी मनात म्हणत होते, बुधवार येऊच नये.

तिनं तीन गाणी म्हटली. खाली आली तेव्हा तो माणूस हात धुऊन उभा होता. तो तिच्या पाया पडायला वाकला तर ती मागं सरकली. "तसलं काही करू नका, दादा. आमच्या बापाचा नियम होता, जेवणाऱ्यासमोर गायचं न्हाई. आज मोडला. पण माझा बाप मला काही म्हणणार न्हाई." मग तो परत गायला गेला आणि आम्ही गार ताटं समोर घेऊन चार वाजेपर्यंत गाण्यागाण्यांच्या मधे दोन-दोन घास खात बसलो. एवढं गार जेवण मी आयुष्यात खाल्लं नाही. एवढं चांगलंही खाल्लं नाही.

बुधवारी मी लातूरला गेले. दवाखान्याच्या बाकावर मी, तिचा नवरा आणि तिचा मुलगा. मी भाकरी-भाजी बांधून नेली होती आणि तिघांपैकी कुणीही ते फडकं सोडलं नाही. दुपारी तिला शुद्ध आली. तिनं माझ्याकडं बघून तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, गाठीचा त्रास संपला. आवाज हळूहळू येईल, किती येईल ते बघू. तिनं हातानं मला विचारलं, जेवलीस का? मी हो म्हणाले. खोटं.

आवाज आला. चार महिन्यांनी. पण तो दुसराच आवाज होता, खरबरीत, खालचा, मधेच तुटणारा. वरचे सूर गेले ते गेलेच. फोनवर ती म्हणायची, "रेडिओची सुई सरकल्यावानी झालंय बघ." शाळेत पाढे आता मुलं म्हणतात आणि ती टेबलावर ठेका देते. एप्रिलात जयंतीला तिनं गावोगावच्या बोलावण्यांना नाही म्हणून कळवलं. मी आणि धर्माबाद फोनवर एकमेकींशी भांडलो. ती म्हणायची, तू मान हलवलीस म्हणून रेकॉर्डिंग राहिलं. मी म्हणायचे, तुला कधीपासून माझं ऐकायची सवय लागली? दोघींनाही तो आवाज पुन्हा ऐकायचा होता आणि तो कुठंच नव्हता. पण गा, असं तिला कुणी म्हणालं नाही. आधी तिनं बजावलं होतं म्हणून, आणि नंतर आम्हालाच धीर झाला नाही.

यंदा लातूरची पाळी. धर्माबादनं या वेळी अशी खानावळ शोधली की जिथं टीव्हीसुद्धा नाही. लाकडी टेबलं, चुलीवरची भाकरी, आणि खालच्या आवाजात बोलणारी मालकीणबाई. संध्याकाळी नाटकाला जायचं ठरलं होतं, तिकिटं धर्माबादच्या पर्समध्ये होती. मी सकाळी सहाला नुसता चहा प्यालेली, दुपारचा दीड वाजलेला. ताट आलं. वर लोण्याचा गोळा. मी भाकरी मोडली.

धर्माबाद तिच्या नातवाच्या करामती सांगत होती. पोरगं दोन वर्षांचं, भिंतीवर रेघोट्या ओढतं आणि हे माझं नाव हाय म्हणून सांगतं. ते ऐकून उमरी हसली. आणि हसता हसता, पाण्याचा तांब्या पुढं ओढत, अगदी सहज, ती पाटीच्या गाण्याची ओळ म्हणायला लागली.

त्या फुटक्या आवाजात. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरीच्या मधे आवाज तुटला, तिनं खाकरून तो पुन्हा जोडला. माझा हात ताट आणि तोंड यांच्या मधे होता. घास गरम होता, लोणी बोटांवरून ओघळत होतं. मी घास परत ताटात ठेवला. धर्माबादनं बोलणं थांबवलं आणि हात मांडीवर घेतले.

उमरी थांबली. तिनं आमच्या ताटांकडं पाहिलं, मग आमच्या हातांकडं.

"जेवा की गं तुम्ही," ती म्हणाली. "कामून थांबलात? आता याला कुणी गाणं म्हणतं का?"

आम्ही दोघी हात मांडीवर घेऊन, जयंतीला तिच्या अंगणात बसायचो तशा बसून राहिलो.

उमरीनं पदरानं डोळे पुसले. मग आम्ही उठलो नाही, जेवलो नाही, हे पाहून तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. सूर खाली धरला, आवाजाला जमेल तेवढाच. आई कापूस वेचून आली, पाटी घेऊन आली, माझं नाव काढ म्हणाली. वरच्या सुराच्या जागी ती थांबली, एक श्वास घेतला, आणि ती ओळ तिनं साध्या बोलण्यात म्हटली.

गाणं संपल्यावर तिनं आपल्या हातानं माझ्या ताटातला घास उचलला आणि माझ्यापुढं धरला.

"खा आता," ती म्हणाली. "गार झाला असंल."

गार झाला होता.